घोड्यांचा गोचीडताप : रक्ताचा नमुना काय सांगतो आणि काय सांगत नाही

पुणे शहरात आज घोडा दिसतो तो बहुधा दोन ठिकाणी. पावसाळ्यात लष्कर भागातील रेसकोर्सवर शर्यतींचा हंगाम भरतो तेथे, आणि लग्नसराईत वरातीच्या पुढे. टांग्यांचा काळ केव्हाच सरला. परंतु शहराची वेस ओलांडून पूर्वेस लोणी-उरुळीच्या बाजूस किंवा उत्तरेस खेड, आंबेगाव, जुन्नरकडे गेले, की घोडा पुन्हा भेटू लागतो. मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणाऱ्या धनगरांचा सारा संसार, भांडीकुंडी, पाल, कोंबड्या, प्रसंगी लहान मूलदेखील, घोड्याच्याच पाठीवर असतो. बैलगाड्यांच्या घाटात बैलांपुढे धावणारी घोडी ही तर या जिल्ह्याची खास ओळख होय. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली व मे २०२३ मध्ये त्यासंबंधीचा कायदा वैध ठरविला. तेव्हापासून ही घोडी पुन्हा एका घाटातून दुसऱ्या घाटाकडे टेम्पोत उभी राहून प्रवास करू लागली आहे. पौष पौर्णिमेला जेजुरीस गाढवांचा बाजार भरतो. आणि ज्या भीमेच्या खोऱ्यातील तट्टांचा उल्लेख आपल्या राज्यगीतात आहे, त्या भीमथडी जातीची नोंद अलीकडेच देशातील अधिकृत अश्वजातींच्या यादीत झाली आहे.

देशातील घोड्यांची संख्या मात्र झपाट्याने घटत आहे. २०१२ च्या पशुगणनेत घोडे व तट्टे मिळून सुमारे ६ लाख २५ हजार होती; २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. जी जनावरे उरली आहेत त्यांचे मोल त्यामुळे कमी न होता वाढले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. या उरलेल्या जनावरांना एक असा रोग ग्रासतो की जो बाहेरून सहसा ओळखू येत नाही, आणि ओळखण्याची वेळ येते तेव्हा पुष्कळदा आपल्याच घाईने त्याचा पुरावा पुसला गेलेला असतो. गोचिडांमार्फत पसरणारा हा रक्तातील परोपजीवींचा रोग म्हणजेच घोड्यांचा गोचीडताप. शास्त्रीय परिभाषेत त्यास पायरोप्लाझ्मोसिस म्हणतात.

एका घोडीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या दिवसांत, एका पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांसमवेत शहराच्या पूर्वेकडील एका शिवारात जाण्याचा योग आला. ऊस तुटलेल्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. एक तांबडी घोडी मान खाली घालून उभी होती. चार दिवसांपूर्वी तिला ताप भरला, चारा सुटला, आणि आदल्या रात्री तिने सात-आठ महिन्यांचा गर्भ टाकला. वाड्यावर तीन घोडी. त्यांपैकी ही सर्वांत खात्रीची, घाट उतरताना पुढे चालणारी.

डॉक्टरांनी डोळ्याची पापणी उलटून पाहिली. आतला भाग फिकट आणि पिवळसर होता. त्यांनी पेटीतून काचपट्ट्या व सुई काढली, तोच घोडीचा मालक म्हणाला, "साहेब, सुई तर दोनदा टोचून झाली. परवा एक, काल एक. आता आणिक रगत कशाला काढताय?"

सुई कोणी टोचली, कसली टोचली, हे त्याला सांगता येईना. बाटली टाकून दिली होती. गावातल्याच एका माणसाने शेजारच्या वस्तीवरची दोन जनावरे टोचून झाल्यावर त्याच सिरिंजने घोडीलाही टोचले होते. डॉक्टर क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी नमुना घेतला, परंतु परतताना जीपमध्ये ते म्हणाले की, आता या काचपट्टीवर काही सापडणे कठीण आहे. झालेही तसेच. रक्तलेप स्वच्छ निघाला. पुढे रक्तजलाची तपासणी झाली, तीत या परोपजीवीविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. पण त्यावरून घोडीला कधी ना कधी संसर्ग झाला होता एवढेच सिद्ध झाले. हाच ताप त्यामुळे आला आणि गर्भ त्यामुळेच पडला, हे काही खात्रीने सांगता आले नाही.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. रक्ताच्या एकाच थेंबाला दोन तपासण्या दोन निराळी उत्तरे देतात आणि दोन्ही खरी असतात, हे समजून घेण्यास मला बराच वेळ लागला. हा लेख त्या समजून घेण्यातूनच उतरला आहे.

रक्तात काय घडते?

या रोगाचे कारण असणारे जीव दोन. एक थायलेरिया इक्वाय व दुसरा बबेसिया कॅबलाय. दोन्ही एकपेशीय, मलेरियाच्या जंतूचे दूरचे भाईबंद. आपल्या देशातील नोंदी मुख्यतः पहिल्याच्या आहेत. हे जीव घोडा, तट्टू, खेचर, गाढव यांच्या रक्तात राहतात. गाईबैलांना होणारा गोचीडताप निराळ्या जातींच्या परोपजीवींमुळे होतो, तेव्हा गाईचा रोग घोड्याला किंवा घोड्याचा गाईला लागत नाही. तथापि गोचीड मात्र दोघांना सामाईक असू शकतो, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. माणसांनी या रोगाचे भय बाळगण्याचे कारण नाही.

संसर्ग झालेला गोचीड घोड्याचे रक्त शोषू लागला की त्याच्या लाळेतून हे जीव शरीरात शिरतात. थायलेरिया प्रथम पांढऱ्या पेशींत वाढतो आणि नंतर तांबड्या पेशींत उतरतो. बबेसिया थेट तांबड्या पेशींतच जातो. तेथे एकाचे दोन, दोनाचे चार होत पेशी फुटते, आणि बाहेर पडलेले जीव नव्या पेशींत शिरतात. पेशी फुटत राहिल्या की रक्त कमी होते, डोळ्यांच्या व हिरड्यांच्या आतील त्वचा फिकी पडते, मग कावीळ दिसू लागते. लघवी गडद तांबूस होते. निरोगी घोड्याचे तापमान साधारणतः साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस असते. या रोगात ते चाळीसच्या वर जाते. पाय सुजतात, लेंडके बारीक व कठीण होतात, कधी पोटशूळही होतो. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते चार आठवडे जाऊ शकतात. त्यामुळे गोचीड कोठे चिकटला आणि घोडा कोठे आजारी पडला, ही दोन गावे पुष्कळदा वेगवेगळी असतात. फिरत्या वाड्याच्या बाबतीत तर ती दोन निराळ्या तालुक्यांत असणेही अशक्य नाही.

खरी अडचण याहून पुढची आहे. तापातून वाचलेला घोडा हिंडू-फिरू लागतो, ओझे वाहतो, शर्यत धावतो. पण त्याच्या रक्तातून थायलेरिया गेलेला नसतो. तो बहुधा आयुष्यभर राहतो. बबेसिया काही वर्षांनी निघून जाऊ शकतो, थायलेरियाच्या बाबतीत तशी आशा धरता येत नाही. असा घोडा 'वाहक' ठरतो. त्याच्यावर पोसलेला गोचीड दुसऱ्या घोड्यास रोग देतो; वाहक घोडीकडून तो गर्भातील शिंगरालाही जातो, आणि मग गर्भपात होतो किंवा जन्मतःच पिवळे, अशक्त शिंगरू पदरी येते. मालकाच्या दृष्टीने मात्र ती घोडी पूर्ण निरोगी असते, आणि बाजारात ती निरोगी म्हणूनच विकली जाते.

शोधाचा इतिहास आणि पुणे

१८८८ साली रुमानियातील व्हिक्टर बाबेश यांनी जनावरांच्या तांबड्या रक्तपेशींत असे सूक्ष्म जीव प्रथम पाहिले. १८९३ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न या दोघांनी गाईंच्या टेक्सास तापाचा प्रसार गोचीड करतात हे दाखवून दिले. डासांमुळे मलेरिया पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी भारतात सिद्ध करण्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट आहे. जनावरांच्या रोगांच्या अभ्यासाने माणसांच्या वैद्यकाला वाट दाखविल्याचे हे उदाहरण आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. मलेरियाचा जंतू शोधून काढणारे फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हरां यांनीच १९०१ मध्ये घोड्यातील या परोपजीवीचे वर्णन केले. पुढे त्यास बबेसिया म्हणत. १९९८ साली त्याच्या जीवनक्रमाचा पुनर्विचार होऊन त्याला थायलेरिया हे कुलनाम मिळाले. जुन्या पुस्तकांत व जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अद्याप 'बबेसिया इक्वाय' हे नाव आढळते, त्याने गोंधळून जाऊ नये.

या कथेत पुण्यालाही स्थान आहे. आज बरेली येथे असलेल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचा आरंभ ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या नावाने झाला. काही वर्षांतच ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलली. तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांच्या 'सर्रा' या रोगाचा विशेष अभ्यास केला. सर्राचा जंतू त्यापूर्वी १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांनी पंजाबात, डेरा इस्माईल खान येथे शोधला होता.

सर्राचा येथे उल्लेख करण्याचे कारण केवळ इतिहास नव्हे. ताप, अशक्तपणा, रक्तक्षय, पायांची सूज ही लक्षणे सर्रातही दिसतात. पण तो रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरतो, त्याचा जंतू निराळा आणि त्यावरील औषधही निराळे. अनुभवी डॉक्टरसुद्धा केवळ डोळ्यांनी पाहून या दोहोंतील फरक छातीठोकपणे सांगणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तो चटकन दिसतो. सर्राचा जंतू रक्तपेशींच्या बाहेर, रक्तद्रवात असतो आणि ताज्या थेंबात वळवळताना आढळतो. गोचीडतापाचा जीव पेशीच्या आत दडलेला असतो.

काचपट्टीवरचा क्रूस

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. सर्वांत जुनी, स्वस्त आणि तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकणारी पद्धत रक्तलेपाची. रक्ताचा लहानसा थेंब काचपट्टीच्या एका टोकाशी ठेवून दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पातळ पसरावयाचा, हवेत वाळवायचा, मिथेनॉलने स्थिर करावयाचा आणि मग जिम्सा रंगाने रंगवावयाचा. हे जीव सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अधिक आढळतात, म्हणून शक्य तेथे त्वचेजवळील, कानासारख्या ठिकाणचे रक्त घेणे श्रेयस्कर. लेप जाड झाला, वाळताना त्यावर माशी बसली किंवा पट्टी तेलकट असली तर सारे श्रम वाया जातात. रंगाचे दाणे साचून जंतूचा भास होतो, असे प्रयोगशाळेतील मंडळी सांगतात.

पुण्यातील एका प्रयोगशाळेत मला अशी पट्टी पाहावयास मिळाली. तेलाचा थेंब टाकून, हजारपट मोठे करणाऱ्या भिंगातून पाहताना प्रथम फिकट गुलाबी चकत्यांची गर्दी तेवढी दिसली. तंत्रज्ञ बाईंनी पट्टी किंचित सरकवून एका चकतीकडे लक्ष वेधले. तिच्या आत चार जांभळे ठिपके टोकांशी जुळून लहानसा क्रूस तयार झाला होता. त्यास 'माल्टीज क्रॉस' म्हणतात. ती थायलेरिया इक्वायची खूण. बबेसिया कॅबलायचे जीव आकाराने मोठे, जांभासारखे, आणि जोडीने टोकाला टोक लावून असतात. एकदा पाहिल्यावर तो क्रूस विसरता येत नाही, हे खरे. परंतु तो दिसेपर्यंत किती चकत्या नजरेखालून घालाव्या लागतात, हे त्या बाईंच्या पाठीला विचारावे!

रक्तलेपाची मर्यादा येथेच आहे. थायलेरियाच्या जोरदार तापात शंभरातील एक ते पाच पेशी बाधित असतात, क्वचित त्याहून पुष्कळ अधिक. बबेसिया कॅबलायमध्ये हे प्रमाण हजारात एक इतके कमी असू शकते. आणि वाहक घोड्यात? समजा, लाखात एक पेशी बाधित आहे. भिंगाच्या एका दृष्टिक्षेत्रात दोनशे पेशी येतात असे धरले, तर पन्नास क्षेत्रे तपासूनही दहा हजारच पेशी पाहून होतात. तो एक जंतू सापडण्याचा संभव दहात एक इतकासुद्धा नाही. घोड्याच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये सत्तर ते नव्वद लाख तांबड्या पेशी असतात हे ध्यानात घेतले, म्हणजे न सापडलेल्या जंतूंची संख्या किती मोठी असू शकते याची कल्पना येईल. सबब, रक्तलेपात जंतू आढळला तर रोग निश्चित. न आढळला तर मात्र काहीच निश्चित नाही. 'रिपोर्ट नॉर्मल आला' हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो, म्हणून हे एवढ्या विस्ताराने लिहिले.

औषधाने हीच अडचण वाढते. या रोगावर इमिडोकार्ब, डिमिनाझीन यांसारखी औषधे आहेत. त्यांची मात्रा पडताच रक्तातील जंतूंची संख्या एकदम खाली येते, ताप उतरतो, आणि काचपट्टी स्वच्छ दिसू लागते. परंतु थायलेरियाचा समूळ नाश होईलच असे नाही. शिवाय ही औषधे सौम्य नाहीत. त्यांनी पोटशूळ उठतो, लाळ गळते. गाढवांना तर इमिडोकार्बच्या मोठ्या मात्रा जिवावर बेतू शकतात. म्हणून ती पशुवैद्यकाच्या हातूनच, आणि नमुना घेतल्यानंतरच दिली जावीत. जीव धोक्यात असेल तर अहवालाची वाट पाहत बसावे असे कोणी म्हणत नाही. दोन काचपट्ट्या आणि दोन नळ्या रक्त घेण्यास पाच मिनिटे पुरतात. उपचार सहाव्या मिनिटाला सुरू करावा.

रक्तजलाची साक्ष

वाहक घोडा ओळखण्यासाठी जंतूऐवजी त्याने मागे ठेवलेली खूण शोधावी लागते. संसर्गानंतर एक-दोन आठवड्यांत शरीर त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. साध्या नळीत रक्त गोठू दिले की वर जे पिवळसर पाणी सुटते, त्या रक्तजलात ही प्रतिपिंडे असतात. पूर्वी यासाठी पूरकबंधन चाचणी वापरीत. तिच्यात एक दोष होता. जुन्या वाहक घोड्यांत किंवा औषध दिलेल्या घोड्यांत ती पुष्कळदा नकारार्थी येई, आणि असे घोडे 'निर्दोष' म्हणून सीमा ओलांडून जात. म्हणून आता स्पर्धात्मक एलायझा व प्रतिदीप्त प्रतिपिंड चाचणी यांचा अवलंब होतो.

स्पर्धात्मक एलायझाची कल्पना मोठी मनोरंजक आहे. प्लॅस्टिकच्या बारीक खळग्यांच्या तळाशी जंतूचे विशिष्ट प्रथिन बसविलेले असते. त्यावर घोड्याचे रक्तजल टाकतात, मग प्रयोगशाळेत तयार केलेले, रंग आणणारे प्रतिपिंड टाकतात. घोड्याच्या रक्तजलात स्वतःची प्रतिपिंडे असतील तर त्यांनी जागा आधीच अडविलेली असते, नव्यांना बसायला ठाव मिळत नाही, आणि रंग फिका राहतो. निरोगी घोड्याचा खळगा गडद, बाधिताचा फिका. एस.टी.त रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखाच हा प्रकार. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने या रोगासाठी देशी एलायझा चाचणी विकसित केली आहे. जंतूच्या जनुकद्रव्याचा अंश शोधून तो अनेकपट वाढविणारी पीसीआर चाचणीही आज उपलब्ध आहे. कोरोनाच्या साथीने हा शब्द खेड्यापाड्यांत सर्वांच्या ओळखीचा केला आहे. तिच्यासाठी न गोठलेले रक्त, म्हणजे ईडीटीए घातलेल्या नळीतील रक्त, थंड ठेवून पाठवावे लागते.

प्रतिपिंडांच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. नुकताच संसर्ग झाला असेल तर ती अद्याप तयार झालेली नसतात. उलट, बाधित घोडीचे पहिले दूध प्यालेल्या शिंगराच्या रक्तात आईची प्रतिपिंडे काही महिने राहतात. त्याला स्वतःला संसर्ग नसतानाही चाचणी होकारार्थी येऊ शकते. आणि आमच्या त्या तांबड्या घोडीप्रमाणे, आजचा ताप जुन्या संसर्गाचा की आणखी कशाचा, हे प्रतिपिंडे एकटी सांगू शकत नाहीत. म्हणून ताप आलेल्या जनावराचा रक्तलेप व रक्तजल दोन्ही पाठवावे, दोन-तीन आठवड्यांनी रक्तजल पुन्हा तपासावे. खरेदीच्या किंवा पैदाशीच्या घोडीसाठी मात्र रक्तलेपावर विसंबून न राहता रक्तजलाचीच तपासणी मागावी. नमुने गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठविता येतात. सोबतच्या पत्रात जनावराचे वय, तापमान, आजाराचा दिवस, आणि दिलेले औषध व त्याची वेळ लिहावयास विसरू नये. हा शेवटचा रकानाच बहुधा कोरा येतो.

सुई, गोचीड आणि ग्रामपंचायत

२००८ साली अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात वीस घोडे बाधित आढळले. तपासात गोचिडांपेक्षा सामाईक सुयांकडे बोट गेले. पुढच्याच वर्षी टेक्सासमधील एका मोठ्या कुरणात एका आजारी घोडीच्या तपासणीवरून चौकशी सुरू झाली आणि चारशेहून अधिक घोडे वाहक निघाले. तोवर कोणालाही शंका आलेली नव्हती. ज्या देशात प्रयोगशाळांची वाण नाही तेथील ही अवस्था. आपल्याकडे जत्रेत, शर्यतीच्या घाटात किंवा वाड्यावर एकाच सुईने ओळीने जनावरे टोचणे हा काही दुर्मीळ देखावा नव्हे. सुईची किंमत ती काय! पण तीच सुई वाहक घोड्याचे रक्त दुसऱ्याच्या अंगात पोचविते.

गोचिडांविषयी एवढेच सांगतो की त्यांचा निवास केवळ जनावराच्या अंगावर नसतो. हा रोग पसरविणारा हायलोमा जातीचा गोचीड गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत, दगडांच्या फटींत दडून राहतो, आणि मादी हजारो अंडी घालते. घोड्यावर औषध फवारून गोठ्याच्या भेगा तशाच ठेवल्या तर आठवड्या-पंधरवड्यात मागचे पाढे पंचावन्न. खरारा करताना कान, आयाळीचे मूळ, मांड्यांमधील जागा व शेपटीखालचा भाग रोज हाताने चाचपून पाहावा. गाईगुरांच्या गोठ्यातच घोडी बांधली जात असेल तर फवारणी दोहोंवर एकाच दिवशी व्हावी.

पंचायत सदस्यांना या प्रश्नात कायद्याने एक स्थान दिले आहे, ते फारसे कोणास ठाऊक नसते. पशूंमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत घोड्यांच्या पायरोप्लाझ्मोसिसचा समावेश आहे. अनुसूचित रोगाचा संशय आल्यास मालकाने त्याची खबर गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस द्यावयाची आणि तेथून ती नजीकच्या पशुवैद्यकाकडे लेखी जावयाची, अशी त्यात तरतूद आहे. गावाच्या शिवारात वाडा उतरला, त्यातील घोडी तापली, तर ती 'आपल्या गावची नाही' म्हणून कोणी विचारपूस करीत नाही. वास्तविक तिच्या अंगावरचा गोचीड आपल्याच गावच्या गोठ्यात मागे राहावयाचा असतो. यात्रा समित्यांनी व शर्यतीच्या आयोजकांनी पशुवैद्यकास बोलाविताना काचपट्ट्या व रक्ताच्या नळ्यांची आगाऊ मागणी नोंदविली, आणि शाळांतील विज्ञान शिक्षकांनी सूक्ष्मदर्शकाच्या पाठात एकदा जवळच्या दवाखान्यातील रंगविलेली पट्टी मुलांना दाखविली, तर खर्च जवळजवळ शून्य आहे.

वरच्या पातळीवर हालचाल झाली आहे. हा रोग असलेला घोडा पुष्कळ देश आपल्या सीमेत घेत नाहीत, म्हणून आपल्या स्पर्धक घोड्यांच्या परदेशगमनात मोठा अडथळा असे. मेरठ छावणीतील रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात घोड्यांसाठी रोगमुक्त कक्ष उभारण्यात आला, आणि जुलै २०२५ मध्ये त्यास जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. ज्या रोगांपासून तो मुक्त ठरला त्यांत गोचीडताप व सर्रा हे दोन्ही आहेत. कुंपणाच्या आत, दर नव्या जनावराचे रक्त तपासून, गोचिडांवर सतत नजर ठेवून हे साधले. धनगराच्या घोडीला कुंपण नाही. तिला मिळू शकते ते वेळेवर घेतलेल्या रक्ताच्या नमुन्याचे संरक्षण.

तांबडी घोडी त्या दुखण्यातून उठली. वाडा घाटाच्या दिशेने निघण्यापूर्वी डॉक्टर पुन्हा तेथे गेले आणि मालकाच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला त्यांनी एक थर्मामीटर दिला. तो कसा लावायचा, पारा कोठे पाहायचा, आणि चाळीसच्या वर दिसला तर कोणतीही सुई टोचू देण्याआधी कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले. पहिले माप तिने तांबड्या घोडीचेच घेतले. ते अडतीस भरले.